जुन्या कॅमेऱ्याचा उशीर

जुन्या कॅमेऱ्याच्या जागी त्याचंच पुढचं मॉडेल घेतलं. हा समोर माणूस दिसला की थेट डोळाच पकडतो. जुना बिचारा फोकससाठी चाचपडत राहायचा. तोवर आई पदर सारखा करून, ओठ मिटून बसलेली. शेवटी न राहवून विचारायची, "अरे, निघाला का एकदाचा?" आणि हसायची. नेमका तेव्हाच फोटो निघायचा. तिचे मला आवडणारे फोटो सगळे असेच, किंचित हललेले.

आज नव्या कॅमेऱ्याने तिला क्षणात टिपलं. पापणीन् पापणी स्पष्ट, पण ओठ मिटलेले. तिला वाटलं, फोटो अजून व्हायचाय. मीही सांगितलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावून नुसता थांबलो.

"अरे, निघाला का एकदाचा?" म्हणत ती हसली.

"आत्ता निघाला," मी म्हटलं.