सोमवारचा बाजार

चोरलेलं वाक्य बाईंना नुसतं ऐकून कळायचं. जिल्ह्याचा माहितीकोश करायचं आम्ही ठरवलं, तेव्हा नोंदी लिहायला बीडमधले आम्ही दहा-बारा प्राध्यापक होतो आणि त्या तपासायला निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या या एकट्या बाई. त्या नोंद मोठ्याने वाचायला लावत आणि मध्येच हात वर करत.

"थांबा. हे कुणाचं?"

"माझंच, बाई."

"न्हाई. तुमचं वाक्य एवढं सरळ चालत न्हाई."

खरंच होतं ते. गावात नव्यानेच निघालेल्या झेरॉक्सच्या दुकानावर माझी सारी विद्वत्ता उभी होती. मी मूळचा परळीचा. सिंदफणेकाठच्या खेड्यांच्या नोंदी माझ्या वाट्याला आल्या, तर एका जुन्या ग्रंथातली पानं समोर ठेवून मी 'आहे'च्या जागी 'असून' घातलं आणि खाली झोकात सही केली.

त्यातल्या एका गावाबद्दल होतं, 'येथे दर सोमवारी मोठा बाजार भरतो.' यावेळी बाईंनी हात वर केला नाही. म्हणाल्या, "सोमवारी जाऊ मग. मलाबी भाजी घ्यायची हाय." नोंद पास झाली या आनंदात मी घरातली सगळ्यात मोठी पिशवी घेतली.

माजलगावच्या अलीकडे एसटीतून उतरलो. थोडं चाललो आणि रस्ता सरळ पाण्यात शिरला.

"गाव कुठंय?" मी विचारलं.

बाईंनी पाण्याकडे बोट केलं. "धरणात गेलं. माझं माहेर हाय ते."

पिशवी कुठे लपवावी ते मला कळेना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला तसंच नव्या वसाहतीत नेलं, भावाच्या ओट्यावर बसवलं. म्हातारी माणसं जमली. बाजारात कोण कुठं बसायचं यावरून त्यांची लई भांडणं झाली. ती सगळी मी उतरवून घेतली.

मग नोंद नव्याने लिहिली. शेवटी 'माझे डोळे पाणावले' असंही घातलं. बाईंनी तेवढंच खोडलं. "हे रडणं उसनं हाय, सर."

कोश छापून आला तोवर साखरेच्या आजाराने बाईंची नजर गेली होती. त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. मी प्रत घेऊन गेलो.

"वाचून दाखवू?"

"नको. कुठं हाय तेवढं सांगा."

मी त्यांचं बोट गावाच्या नावावर टेकवलं.

"किती ओळी हायेत?"

"चौदा."

"बसलं का गाव?"

"बसलं, बाई," मी म्हणालो.

मुलाने चहा आणून ठेवला. माझा पिऊन झाला, त्यांचा निवला, तरी बोट तिथंच होतं.