पाकिटाला दिलेली दीक्षा

आमचे अप्पा गडहिंग्लजचे मिरचीचे व्यापारी. घर लिंगायत, आणि अप्पा इतके कडक शाकाहारी की बेकरीतला पाव पुढे आला तरी आधी विचारणार, "अंडं न्हाय न्हवं ह्यात?" साखरेच्या आजाराने त्यांच्या टाचेला जखम झाली आणि आठ महिने झाले तरी ती भरेना. माझं सासर शहरात, राजारामपुरीत. ते आणि अव्वा, म्हणजे माझी आई, दर आठवड्याला एस.टी.ने माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे न्यायची. अप्पांना जखमेपेक्षा पथ्याचा राग जास्त. उसाच्या मुलखात राहून बिनसाखरेचा चहा प्यायचा म्हणजे काय, हे ते डॉक्टरांनाच सुनवायचे.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "पावणं, आता शेवटचा उपाय. जनावराच्या कातडीपास्नं केल्यालं पातळ पान असतंय, ते जखमंवर लावायचं. त्येच्या आधारानं तुमची कातडी वाढती. न्हाय वाढली, तर पाय काढाय लागंल."

अप्पांनी पायाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"कुठलं जनावर?"

"डुक्कर."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मीच पाळलं होतं. पण पाय जायचा म्हटल्यावर तयार झाले. पान लावलं, पट्टी बांधली आणि आठ दिवस तिला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली.

आठवड्याने पट्टी सोडली तर आत नुसता चिखल. पान सुटून आलेलं, त्यावर पांढरी राख. डॉक्टरांनी अप्पांकडे रोखून बघितलं.

"विभूती हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "आणि पूजेचं तीर्थ. रोज सकाळी थोडं थोडं आत सोडलं."

"कशापायी?"

"आमच्यात लेकरू जन्मलं की त्येच्या गळ्यात लिंग बांधत्यात, कानात मंत्र सांगत्यात. मग ते आमचं हुतंय. ह्ये तर माझ्या अंगावरच ऱ्हाणार. त्येला दीक्षा नगं व्हय?"

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. डॉक्टरांचा आवाज त्या दिवशी शिवाजी पेठेपर्यंत गेला असेल. मी तर रागाने तिथेच रडले. धर्म राहील अप्पा, पाय जाईल, असं काहीबाही बोलले. आणखी एकच पान लावून बघू, असं डॉक्टर म्हणाले. पण अप्पा दीक्षेशिवाय ते लावून घेईनात.

बाजूच्या बाकावर बसलेली अव्वा तेव्हा बोलली. "पान बंद पाकिटातनंच येतंय की. फोडायच्या आदी द्या दीक्षा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

पुढच्या खेपेला अप्पांनी दवाखान्यातच त्या बंद पाकिटाला विभूती लावली. मंत्र कानात सांगायचा असतो. पाकिटाला कान कुठल्या बाजूला ते कळेना, म्हणून दोन्ही टोकांना सांगितला. नर्सबाई ओठ दाबून उभ्या होत्या. मग डॉक्टरांनी पाकीट स्पिरिटने पुसलं, फोडलं आणि पान लावलं. त्यानंतर अप्पांनी पट्टीला बोटसुद्धा लावलं नाही. आपल्या माणसावर आता अविश्वास कशाला दाखवायचा, म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी शेवटची पट्टी निघाली. टाचेवर गुलाबी, कोवळी कातडी आली होती. अप्पांनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं.

"ही त्येची?"

"न्हाय. तुमचीच हाय. त्येचं पान कवाच विरघळून गेलं."

अप्पांनी बोट मागे घेतलं. मग म्हणाले, "लिंगैक्य झालं म्हणायचं."

आमच्यात माणूस गेलं की असं म्हणतात. मी हसणार होते, पण अप्पांचे हात जोडलेले होते आणि डोळे भरले होते. डॉक्टरही खुर्चीतून उठले. त्या लहानशा खोलीत आम्ही सगळे एका डुकरासाठी क्षणभर गप्प उभे राहिलो, आणि अप्पा आपल्या दोन्ही पायांवर उभे होते.