मैफलीत बाबांनी उचललेली ओळ

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, वाशीतल्या सभागृहात वाद्यवृंदाची मैफल चालू असताना माझे वडील गायले. पावसाळ्यात झालेल्या पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता. उजवा हातही गेला होता.

बाबा करावे गावचे. तरुणपणी खाडीत मासेमारी, नंतर तळोज्याच्या कारखान्यात नोकरी, आणि सगळा काळ गावच्या भजनी मंडळात टाळकरी. माझ्या लहानपणी देवळाच्या ओट्यावरून खाडी दिसायची. एकादशीला भजन बसायचं. अंगाला जाळ्यांचा ओला वास घेऊनच माणसं यायची आणि मी बाबांच्या पाठीला टेकून ऐकायचे. मंडळाचा एक नियम होता. बुवांनी ओळ सोडली की टाळकऱ्यांनी ती लगेच उचलायची, मध्ये शांतता पडता कामा नये. कुणी चुकलं की भजनानंतर बाबा त्याला सुनवायचे, "बुवा दम घेतान, न तू त्यांचे तोंडाकडं बगतंस? देवाला ताटकलत ठेवतंस काय?"

डॉक्टरांच्या मते त्यांची समज शाबूत होती. बोलणं परत येईल की नाही, हे सांगता येत नव्हतं. मंडळातले लोक भेटायला यायचे. त्यांच्या हातातले टाळ पाहून बाबा रडू लागले, तसं त्यांचं येणं कमी झालं. आईने बाबांचे टाळ कपाटात ठेवून दिले. ती रोज देवळात जात राहिली, मी जाणं सोडलं. जन्मभर देवाचं नाव घेणाऱ्या माणसाचा नेमका आवाजच जावा, याचं उत्तर मला तिथे मिळत नव्हतं.

मैफलीच्या दोन प्रवेशिका मला ऑफिसात मिळाल्या होत्या. आई म्हणाली, "यांना घेऊन जा. घरान भिंतीकडं बगत बसतान."

"अगं, ते विलायती संगीत. त्यात शब्द नसतात."

"मंग बरा हाय. यांचेकडं तरी कुठं हायत?"

बाबा हसले. चेहऱ्याच्या एका बाजूने.

संगीतातली उत्कटता आणि तल्लीनता असा त्या संध्याकाळचा विषय होता. निवेदकाने सुरुवातीलाच विनंती केली होती की एका रचनेचे अनेक भाग असतात, दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत. दुसऱ्या रचनेत व्हायोलिनं एकच सुरावट पुन्हा पुन्हा घेऊ लागली, दर वेळी थोडी वर, थोडी जलद. देवळात ओळ अशीच चढत जायची आणि बसलेली माणसं कधी उभी राहिली ते कळायचं नाही. बाबांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. सगळी वाद्यं एकत्र टिपेला गेली आणि एकदम थांबली. पहिला भाग संपला होता.

सभागृह शांत होतं. बाबांनी मंचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर माझ्या ओळखीची होती. ओळ सुटली होती आणि कुणीच उचलत नव्हतं.

त्यांनी उचलली. "विठ्ठल, विठ्ठल." पहिल्यांदा घोगरं, दुसऱ्यांदा मोकळ्या गळ्याने, सुरात.

माना वळल्या. कुणीतरी 'शू' केलं. दारावरच्या कर्मचारी बाई आमच्याकडे निघाल्या. शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर, अनोळखी बाई होत्या. त्यांनी हात वर करून कर्मचारी बाईंना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "असू दे गं. गाऊ दे त्यांना." मंचावर वाद्यवृंदाच्या संचालकांनी पुढच्या भागासाठी उचललेला हात खाली घेतला, वळून पाहिलं आणि बाबांची ओळ संपेपर्यंत ते थांबले. मग पुढचा भाग सुरू झाला. तो मला फारसा ऐकू आला नाही.

मध्यंतरात शेजारच्या बाईंनी बाबांना विचारलं, "कुठल्या मंडळाचे तुम्ही?" बाबांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. "करावे," मी सांगितलं. त्यांनी बाबांच्या निर्जीव उजव्या हातावर हात ठेवला. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आईने दार उघडलं तेव्हा बाबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच ती ओळ म्हटली. ओळ संपेपर्यंत आई दार धरून उभी राहिली.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. बोलणं गेलेले काही रुग्ण गाऊ शकतात, असं त्यांनी समजावलं. ते खरंच असणार. मी देवाकडे आवाज मागत होते आणि तो कसा यावा हेही मीच ठरवत होते. आता ठरवत नाही. जेवढं ओंजळीत आलं, त्यासाठी पुन्हा देवळात जाते. बाबांचं बोलणं अजून परतलेलं नाही.

काल एकादशी होती. आईने कपाटातून टाळ काढले. एक बाबांच्या डाव्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला आणि मंडळात त्यांच्या उजवीकडे बसली.

"वयनी, तुमीपन टालकरी?" कुणीतरी विचारलं.

"गप ऱ्हा, न ओल उचल," आई म्हणाली.

बुवांनी ओळ सोडली. बाबांनी उचलली.