अलास्कातल्या त्या दारात

मिनू, फोन कानाशी धर, स्पीकरवर नको. आणि अधूनमधून मावशीला फोन करत जा गं! आज इथे नेपरव्हिलला घराचं दार उघडलं, बर्फाचा वास आला आणि चाळीस वर्षांपूर्वीचं अलास्का आठवलं.

तुझे काका हिवाळ्यातले फोटो काढायला मला मच्छीमारांच्या एका बेटावर घेऊन गेले होते. तिथे एका घराच्या दारात एक बाई उभी होती. नवरा बर्फावर मासे धरायला गेलेला, अजून परतला नव्हता. काकांनी कॅमेरा रोखला, मी लेन्सवर हात ठेवला.

"अगं, हा लाइट पुन्हा नाही मिळायचा!"

"अहो, तिचा जीव थाऱ्यावर नाही!"

अंधार पडल्यावर तो आला. तिने आधी धपाटा घातला, मग मिठी मारली. काका रुसले, मी हसले. धपाटा घालायला माणूस परत येणं हे केवढं भाग्य, ते आता काका गेल्यावर कळतंय.

ख्रिसमसला ये बाई. उशीर झाला तरी चालेल, पण ये.