मोहाखालचा तुंबा
पाणी न्यायचा भोपळ्याचा तुंबा त्या दिवशी मी विसरलो नव्हतो, मुद्दाम घरी ठेवला होता, हे आजवर कोणालाच सांगितलं नाही. अंगणात मोहफुलं वाळत घातली, की त्या गोड वासासोबत ते सगळं आठवतं. बायको तेव्हा पाणी पिऊन पिऊन घागरी रिकाम्या करायची आणि सारखी लघवीला उठायची. तपासणीत साखर निघाली नाही, म्हणून मी ठरवलं, ही नुसती सवय आहे. पाणी तोडलं की मोडेल. मोह वेचता वेचता ऊन चढलं आणि ती झाडाखालीच कोसळली. शेजारची म्हातारी धावली. आपल्या तुंब्यातलं पाणी तिला घोटघोट पाजत माझ्यावर ओरडली, "काऊन रे पोरा, टोपली बरी ध्यानात राह्यली, अन् बायकोचं पाणी विसरला?" मी म्हटलं, "हो, विसरलो." पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ आहे, त्यामुळे अंगात पाणी टिकत नाही; त्या दिवशी पाणी मिळालं नसतं तर ती गेली असती. आता गोळ्यांवर ती बरी आहे, यंदाही टोपली घेऊन माझ्यापुढे चालते. म्हातारी आता नाही, पण तिच्या त्या घोटांवरच माझं घर उभं आहे. बायको मात्र निघताना अजून हसून विचारते, "तुंबा घेतला न? का यंदाही विसरले?" तिला खरं सांगायचं अजून बाकी आहे.