कमलमावशींची त्रिनिदादी करी

कमलमावशी मसाला आधी पाण्यात कालवायच्या आणि मग कढत तेलात ओतायच्या. असा चर्र आवाज आणि धूर उठायचा की आमच्या बचत गटातल्या बायका मागे सरकायच्या. पहिल्यांदा मी घाबरून वर पाणी ओतायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "थांब गं. तेल सुटंस्तवर हलव. मसाला भीत न्हाई, आपुनच भितो."

मावशी नर्स होत्या. घोडेगावजवळच्या आमच्या गावातून थेट त्रिनिदादच्या दवाखान्यात गेल्या आणि नोकरी संपवून परत आल्या. ही करी त्यांना तिथल्या घरमालकिणीने शिकवली. तिचे खापरपणजोबा हिंदुस्थानातूनच बोटीने उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. ती जिऱ्याला 'गीरा' म्हणायची. रश्श्यात अख्खी मिरची देठासकट सोडायची, पण फुटू द्यायची नाही. ही युक्ती तिने आफ्रिकी वंशाच्या शेजारणीकडून उचललेली. मावशी सांगायच्या, "हितनं गेलेल्यांची जात बोटीतच बुडाली. सगळी एकाच पातेल्यातलं खात्यात."

आमच्या गावात ती बुडाली नव्हती. यात्रेच्या जेवणाचं काम आमच्या गटाला मिळालं, तेव्हा कमिटीतले एक दादा बौद्ध वस्तीत मावशींच्या अंगणात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मावशी, तुमी भाज्या चिरा. फोडणीला आमच्या घरच्या बाया येतील. लोक कुरकुर करत्यात, दुसरं काय न्हाई."

"माझ्या हातची चिरलेली चालती, शिजवलेली न्हाई?"

"तसं न्हाई, मावशी."

"तसंच हाय, भाऊ. मग चिरायलाबी त्यास्नीच बोलवा."

यात्रेच्या दिवशी मावशींनी आपल्या दारात, रस्त्याच्या कडेलाच चूल मांडली आणि बटाटा-हरभऱ्याची करी चढवली. मी मराठ्याच्या घरची. जाऊ नकोस म्हणून सासूबाईंनी बजावलं होतं. मी गेले. मावशींनी डाव हातात दिला. देवळाकडे जाणाऱ्या काहींनी आम्हाला बघून माना वळवल्या. जुन्नरहून बांगड्या विकायला आलेले चाचा पहिले जेवायला बसले. मग पाळणेवाले आले, मग गटातल्या काहीजणी. संध्याकाळी पातेलं रिकामं होतं. मग दर यात्रेला ती चूल पेटत राहिली.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. देवळातला स्वयंपाक अजून कमिटीवाल्यांच्याच घरच्या बायका करतात. यंदा यात्रेला मी मावशींच्या दारात चूल पेटवली आणि फोडणी दिली. घरी परतले तेव्हा लुगड्याला मसाल्याचा वास येत होता. सासूबाईंनी विचारलं, "आजून किती वर्सं चालायचं हे?"

मी म्हणाले, "तुम्ही जेवायला येईपर्यंत."