आभाळातला दगड आन आमची चंद्री

आमच्या घरात चार माणसं जेवायला बसली की खड्ड्याचा विषय निघतोच, आन दर खेपेला एक किस्सा वाढतो. आता तर भाकरीपरास किस्सेच लय झाल्यात!

तर ऐका. कवठे महांकाळच्या अंगाला एक माळ हुता, माळावर परातीसारखा गोल खड्डा. काठावर राहत हुती एक म्हातारी, म्हंजी मी, माझे दीर बापू, मिल्ट्रीतनं पेन्शनीत आलेले, माझी सून, आन चंद्री, आमची म्हैस. पाणी तेवढं न्हवतं. बोअर मारलं की धुरळा! सून टँकरमागं हंडा घिऊन पळायची.

नात सुमी कॉलेजात दगडांचं शिकती. तिला वाटलं, ह्यो खड्डा आभाळातनं दगड आदळून झालाय. खरं निघालं तर डिग्री, न्हाई तर सगळं पयल्यापासनं! म्हणून ती सरास्नी आन मशिनी घिऊन आली.

* * *

पयलं मशीन जमिनीतलं चुंबक मोजायचं. जवळ लोखंड नको, म्हणून सरांनी सगळ्यांचे पट्टे काढून घेतले. बापू भावजी एका हातानं पॅन्ट धरून फिरत हुते! तरीबी मधनंच आकडा उडायचा. सर नाचायलाच लागले, "सुमी, खाली काहीतरी मोठं आहे!"

सुमी म्हणाली, "सर, आजी चहा घिऊन आली की मगच उडतोय."

माझी पान-सुपारीची चंची उघडली. आत अडकित्ता! बांगडीत पिनांचा घोस!

"आजे, तू लांबनंच हाळी मार. चहा आमी न्हेतो!"

* * *

दुसरं मशीन डब्याएवढं. जमीन कुठं किती ओढती ते मोजायचं. जवळ कुणी पाऊल टाकलं तरी बिघडायचं. झालं, भावजींना ड्यूटी मिळाली! काठीला लाल फडकं बांधलं. फडकं वर, सगळे पुतळे. फडकं खाली, हला.

एकदा त्यांनी रस्त्यावरची वरातच अडवली. बँजो गप. घोड्यावर नवरदेव, नाकावर माशी.

"मामा, माशी तरी मारू द्या की!"

"रीडिंग चाललंय! बॉर्डरवर काय केलं असतंस रं?"

चंद्री तेवढी कवाच थांबली न्हाई. भर रीडिंगात डुलत जायाची. सरांनी हात जोडले, "बापू, हिला समजवा!"

"सर, आख्ख्या पलटणीला शिस्त लावली. पर ही बाई सिव्हिलियन हाय!"

* * *

मग सळ्या ठोकून जमिनीत करंट सोडायचा हुता. माळ इतका वाळका की करंट शिरंना. सर सळीच्या बुडाला मिठाचं पाणी वताय लागले. टँकरचं पाणी! सून पदर खोचून आली.

"आवं सर, प्यायला न्हाई आन तुमी जमिनीचं लोणचं घालताय व्हय?"

"वहिनी, करंट सहज गेला, तर खाली फुटका खडक असणार."

"तो फुटका असू द्या. माझी घागर भरून आणा!"

सर टँकरच्या रांगेत उभे ऱ्हायले. डोक्यावर चुंबळ घिऊन!

* * *

सगळ्या मशिनींनी खड्ड्याच्या मधोमध बोट दावलं. पर खरं-खोटं दगड काढूनच कळायचं. शब्बीरभाई ड्रिलची गाडी घिऊन आले. काठावरचे आमचे कोरडे बोअर त्यांनीच मारलेले.

"चाची, ह्या बारीबी धुरळा निघाला तर मी धंदाच सोडतो!"

सर म्हणाले, गर्दी हलू देऊ नका. भावजींनी फडकं वर केलं. ड्रिल फिरलं, आन खालनं दगडाची कांडी निघाली. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी, बारक्या बारक्या तुकड्यांची!

"आजे, खडक चिरडून परत जमलाय! वरनंच आदळलंय!" सुमी कांडी पोटाशी धरून रडाय लागली.

तेवढ्यात भोकात गुळगुळ झालं. आन पाणी! आधी गढूळ, मग गुडघाभर उंच, मग निवळ!

कुणी हललं न्हाई. सून हंडा धरून, शब्बीरभाई पाना धरून, सरांचं तोंड उघडं. सगळे भावजींकडं बघाय लागले. भावजी पाण्याकडं. डोळ्यांना धारा, आन हातातलं लाल फडकं तसंच वर!

"भावजी, फडकं!" मी वरडले.

त्यांना ऐकूच गेलं न्हाई.

चंद्री तेवढी डुलत डुलत सगळ्यांच्या मधनं गेली, पाण्यात तोंड घातलं, आन पोटभर प्याली.